वाटाण्याचा दुसरा हात

रंगारी आपल्या नातीला रंग खायला घालतो, ही बातमी सकाळी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर जन्माला आली आणि दुपारच्या चहापर्यंत कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे पोचली. कुठलीही बातमी इस्त्रीवाल्याच्या टेबलावर आली की तिच्या सुरकुत्या जातात आणि ती कडक घडी होऊन घरोघर पोचते. हीसुद्धा पोचली. जिन्यावर तो नुसता रंग होता. तळमजल्यावर त्याचं डिस्टेंपर झालं. इस्त्रीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं की डिस्टेंपर कसलं घेऊन बसलात, ऑइलपेंट आहे, कपड्यांना वास येतो. समोरच्या इमारतीत जाईपर्यंत त्यात टर्पेंटाइनही मिसळलं गेलं होतं. कुणी म्हणे, पोर पार हिरवी पडली आहे. कुणी म्हणे, हिरवी ती गेल्या आठवड्यात होती, आता नारिंगी होत चालली आहे.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं त्याला सगळी इमारत शेडकाका म्हणायची. उभा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात गेला आणि त्याचा परिणाम असा झाला की या गृहस्थाला जगात वस्तू दिसेनाशा झाल्या, नुसत्या शेड दिसायच्या. बायको चहा घेऊन आली की हा कप खिडकीकडे धरून म्हणायचा, कालच्यापेक्षा एक थेंब काळा आहे. ती हयात होती तोवर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "मग पांढरा घाला आणि प्या." मुलीने लग्नासाठी मुलगा घरी आणला तेव्हा याने त्याला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. शर्टाकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, हा निळा धुतल्यावर टिकतो का? मुलगा म्हणाला, टिकतो. लग्न ठरलं.

दोन गोष्टींचा त्याला भारी गर्व. एक म्हणजे कडा. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथली रेघ तो पट्टी न धरता, चिकटपट्टी न लावता, नुसत्या मनगटावर अशी काढायचा की लोक घरी आलेल्या पाहुण्यांना मान वर करायला लावून दाखवत. दुसरी म्हणजे गुठळी. त्याच्या रंगात गुठळी कुणी पाहिली नाही. प्रत्येक डबा तो जुन्या मलमलीतून गाळायचा, आणि दुसऱ्या रंगाऱ्याच्या भिंतीवर कण दिसला तर घरमालकाकडे असं बघायचा की जणू त्यांच्या घरात कुणी गेलं आहे.

शिडीवरून पडून गुडघा गेला, तेव्हा धंदा सुटला. पण हात स्वस्थ बसेना. मग राहत्या दोन खोल्या तो दरवर्षी रंगवू लागला. जावयाचं म्हणणं असं की थरावर थर चढून खोल्या दरवर्षी चिमूटभर लहान होतायत, एक दिवस आपण सगळे बाहेर आणि आत नुसता रंग.

हा जावई पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. सकाळी घरी आला की मळलेल्या पिठासारखा गादीवर पसरायचा आणि दुपारपर्यंत फुगत राहायचा, म्हणजे घोरायचा. शेडकाकाची मुलगी लिफ्टची मेकॅनिक. गावभरच्या उंच इमारतींमधल्या मोटारी आणि दोर तपासायचे, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं आणि संध्याकाळी आमच्या इमारतीचा जिना चढून घरी यायचं, कारण आमच्याकडे लिफ्ट नाही. बाळंतपणाची रजा संपली आणि ती कामावर रुजू झाली, तेव्हा नात बसायला लागली होती, दात यायचे होते, आणि तिचा सकाळचा नाश्ता सुरू करायची वेळ झाली होती. आई कामावर, बाप गादीवर. उरला कोण? ज्याने आयुष्यात चहाखेरीज काही उकळलं नव्हतं तो.

इथे हेडबाई येतात. हेडबाई म्हणजे जावयाची आई, शेडकाकाची विहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. दुसऱ्या गावात एकट्या राहायच्या. त्यांच्या शाळेत कॉपी करायला बसलेलं पोर म्हणे कॉपी काढायच्या आधीच रडायला लागायचं. नातीचा नाश्ता रंगाऱ्याच्या हाती गेल्याचं कळल्यावर त्या आल्या, शेडकाकाची नखं पाहिली, आणि परत जाताना जिन्यात उभ्या राहून, प्रत्येक दार किलकिलं आहे हे नीट बघून घेऊन, निकाल सांगितला. महिनाअखेरीला मी पुन्हा येईन. पोर सकाळचं पोटभर खात असेल तर राहू दे इथेच. नसेल तर मी घेऊन जाईन आणि दोन वर्षांची झाली की आणून सोडेन.

मुलीने त्या दिवशी बापाला समोर बसवलं. पोरीला लांब पाठवायची तिची तयारी नव्हती. त्यापेक्षा नोकरी सोडली असती. पण लिफ्टच्या कामात बाई म्हणून घ्यायलाच त्या लोकांनी इतके आढेवेढे घेतले होते की एकदा सुटली की सुटलीच.

"बाबा, फक्त सकाळची एक वाटी," ती म्हणाली. "ती पोटात गेली की आपण सगळे जिथे आहोत तिथे राहतो."

शेडकाकाने छातीवर हात ठेवला. त्याला नोकरीचं कळत होतं, पण त्याहून जास्त हे कळत होतं की नात गेली तर दिवसभर या घरात तो, भिंती आणि जावयाचं घोरणं.

लसीकरणाच्या दवाखान्यात नर्सने सगळं समजावून सांगितलं. एका वेळी एकच नवीन पदार्थ द्या. दोन-तीन दिवस थांबा, अंगावर पुरळ येतंय का, पोट बिघडतंय का बघा, मगच दुसरा. मीठ-साखर नको. मध तर वर्षाची होईपर्यंत अजिबात नको. मऊ कुस्करा पण अगदी पाणी करू नका, बारीक गुठळ्या राहू द्या. तिला हात घालू द्या. ही शेवटची वाक्यं शेडकाकाच्या कानांत शिरलीच नाहीत, कारण पहिल्याच वाक्याला तो खूश होऊन गेला होता. हे तर आमचंच! भिंतीवर आधी हातभर तुकडा रंगवायचा. वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी सूर्याच्या उजेडात घरच्या मालकीणबाईला दाखवायचा. पसंत पडला तर पुढे. नर्सबाईंच्या घरी कुणीतरी रंगारी असणार, असं तो वाटेत मुलीला सांगत आला.

इमारतीनेही सल्ल्यांत हात आखडता घेतला नाही. तळमजल्यावर मोबाइलवाली राहते, ती नातवाच्या प्रत्येक नाश्त्याचा व्हिडिओ काढते. तिच्याकडे गाजराचे मासे असतात, काकडीच्या होड्या असतात, ओट्सच्या लापशीवर ब्लूबेरीचे डोळे असतात. नातू त्या सगळ्याकडे गंभीरपणे बघतो आणि व्हिडिओ संपला की बिस्किट खातो. वरच्या मजल्यावरची जिमवाली म्हणाली, काका, अंड्याचा बलक कशातही मिसळा, नाहीतर स्नायू धरत नाहीत. पोरीला अजून रांगता येत नव्हतं, स्नायू कशाला धरायचे होते ते तिने सांगितलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मला आईने काळ्या कॉफीत बुडवलेला पाव दिला, आणि आज बघा माझ्याकडे. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

शेडकाकाने सगळ्यांचं ऐकलं आणि आपलंच केलं. रंगाच्या दुकानातून नमुन्याचे कोरे करकरीत छोटे डबे आणले, कारण झाकण घट्ट बसणारं दुसरं भांडं जगात आहे यावर त्याचा विश्वास नव्हता. ते उकळून घेतले. पहिल्यांदा भोपळा. उकडला, कुस्करला आणि नव्या मलमलीतून गाळला. मग पुन्हा गाळला. भोपळ्याचं जे काही उरलं ते इतकं गुळगुळीत होतं की चमच्यावर थांबेना. त्याने समाधानाने मान डोलावली, कण नाही. डब्याच्या झाकणावर एक ठिपका लावून खिडकीत वाळत ठेवला आणि नातीला उंच खुर्चीत बसवून म्हणाला, "मालकीणबाई, पसंत करा."

मालकीणबाईंनी चमचा तोंडात घेतला, जिभेने सगळा भोपळा बाहेर ढकलला आणि ओठ मिटले. दुकानाचं शटर पडावं तसे मिटले.

त्याने दोन-तीन दिवस थांबून नाशपाती दिली. नाशपातीचं गाळून पाणी झालं होतं, ते हनुवटीवरून ओघळलं. बटाटा गाळला तर त्याची खळ झाली, तिने पोस्टर चिकटवता आलं असतं. ओट्स गाळले तेव्हा मलमलीवर ओट्स राहिले आणि वाटीत त्यांची आठवण. चूक आपल्या गाळण्यात आहे हे त्याच्या मनाला शिवलंही नाही. त्याला वाटलं, शेड चुकतेय. म्हणून ओट्समध्ये त्याने गाजराचा रस घालून एक सुंदर फिकट जर्दाळू रंग काढला, तो इतका छान जमला की जिन्यातून जाणाऱ्या बँकवाल्या काकांना हाक मारून दाखवला. काका म्हणाले, आमच्या हॉलला हाच हवाय. मालकीणबाईंनी शटर उघडलं नाही.

दूध ती पीत होती म्हणून बरं. पण मुलगी रोज घरी आली की आधी वाटी बघायची, मग बापाकडे बघायची, आणि महिनाअखेर जवळ येत होती.

आणि एक दिवस वाटी रिकामी दिसली. मुलगी घरी आली तर वाटी चाटूनपुसून लख्ख, पोरीच्या हनुवटीवर नारिंगी, लाळेऱ्यावर नारिंगी. ती रडायचीच बाकी होती. दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी. तिसऱ्या दिवशीही. वाटाणा आला, वाटी रिकामी. इमारतीत शेडकाकाची पत वाढली. मोबाइलवालीने खाली येऊन चार शब्द सांगा म्हणून आग्रह केला, तर हा म्हणाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही, हाताचा गुण असतो.

पण दवाखान्यातला वजनकाटा इमारतीतला नव्हता, त्यामुळे त्याला कुणी हे कळवलं नव्हतं. पोरीचं वजन हललं नाही. नर्सने विचारलं, सकाळी काय खाते? मुलगी म्हणाली, वाटीभर, रोज, न चुकता. नर्सने भुवया उंचावल्या आणि तपासण्या सुचवल्या. मुलगी त्या दिवशी घरी आली ती बूट न काढताच बसली. म्हणाली, बाबा, ती सगळं खाते आणि तरी तिच्या अंगाला लागत नाही, आत काहीतरी मोठं बिघडलंय. मी मुकादमाला सांगून आले, महिनाअखेरीला नोकरी सोडते. शेडकाकाने तोंड उघडलं, मिटलं, आणि उठून खिडकीतली झाकणं विनाकारण सरळ मांडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवाली ओले कपडे घेऊन गच्चीकडे निघाली होती. दुसऱ्या मजल्यावर दार अर्धवट उघडं. तिने मुद्दाम पाहिलं नाही, असं ती आजही शपथेवर सांगते, ते डोळ्यांत आपोआप आलं. खुर्चीत पोर बसलेली. शेडकाकाच्या डाव्या हातात रंगाचा डबा, डब्यात हिरवंगार काहीतरी. उजव्या हाताच्या बोटाने तो ते पोरीच्या हनुवटीला लावत होता. लावलं, मागे सरकला, एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा पुढे झाला. आणि तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, तो म्हणत होता, "हलू नका मालकीणबाई, पहिला हात पातळ बसलाय. दुसरा मारतो."

कपडे गच्चीवर गेलेच नाहीत. बातमी कशी खाली उतरली ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

हेडबाई ठरल्याच्या आधी, त्याच्या दुसऱ्याच सकाळी आल्या. परीक्षेला बाई नेहमी आधी येतात. कोपऱ्यावर रिक्षातून उतरून त्यांनी हातातल्या दोन बॅगा इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी टेकवल्या. एक त्यांची होती, दुसरी रिकामी होती, नातीच्या कपड्यांसाठी. इस्त्रीवाल्याने त्यांना ऑइलपेंटचं सगळं सविस्तर सांगितलं आणि वर म्हणाला, माझं नाव घेऊ नका. हेडबाई जिना चढू लागल्या तेव्हा त्यांच्या मागे अर्ध्या इमारतीला अचानक वरच्या मजल्यावर कामं निघाली.

दार ढकलून त्या आत गेल्या. जावई घोरत होता. शेडकाका डबा हातात धरून जागच्या जागी थिजला. पोरीची हनुवटी हिरवी.

"हे काय आहे, व्याही?"

"वाटाणा."

हेडबाईंनी डब्यात बोट बुडवलं आणि चाटलं. जिन्यात श्वास रोखले गेले. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाटलं आणि दाराकडे वळून म्हणाल्या की वाटाणाच आहे. जिन्यात जी हळहळ पसरली ती सांगता येत नाही. बँकवाले काका तर सरळ खाली निघून गेले.

पण हेडबाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या आणि नातीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, उत्तरपत्रिकेकडे पाहावं तसं. मग सरळ झाल्या आणि जिन्यातल्या मंडळींच्या नाकासमोर दार लावून घेतलं. यानंतरचं जिन्यातून ऐकू येत नव्हतं, असं म्हणायला जागा आहे, पण आमच्या इमारतीची दारं पातळ आहेत.

"मी एक मुलगा वाढवलाय," त्या म्हणाल्या. "पोर जेवतं तेव्हा अन्न कपाळावर जातं, कानात जातं. एका गालावर ढीग आणि दुसरा कोरा. हिच्या हनुवटीवर रेघ आहे, व्याही. सरळ रेघ. दोन्ही बाजूंना सारखी."

शेडकाकाने डबा पाठीमागे नेला.

"वाटीतलं कुठे जातं?"

त्याचा हात नकळत मिशीकडे गेला. मिशीला वाटाणा होता.

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेच्या भोपळ्यापासून," तो म्हणाला. मग खुर्चीवर बसला, गुडघा धरून. "सांगणार होतो. परवा तर अगदी तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं की तुम्ही हिला नेणार. नाही सांगितलं तर पोरीची नोकरी जाणार. कुठला हात आधी मारायचा तेच कळेना."

हेडबाईंनी त्यावर भाषण केलं नाही. जन्मभर कॉपी पकडली होती, पण दुसऱ्याला पास करण्यासाठी कॉपी करणारा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्या स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेल्या. तिथे दुसऱ्या दिवशी गाळण्यासाठी उकडून ठेवलेला बटाटा होता. तो त्यांनी काट्याने कुस्करला, वर थोडंसं दूध घातलं आणि पोरीच्या खुर्चीसमोरच्या पाटावर तसाच ढीग टाकला. ना वाटी, ना चमचा.

शेडकाका मलमल घेऊन उठला. म्हणाला, अहो, गुठळ्या आहेत.

"असू देत. तिला त्याच हव्यात."

पोरीने ढिगाकडे पाहिलं. एक बोट खुपसलं. मग अख्खा पंजा. मूठ तोंडात गेली आणि चेहऱ्यावर अशी गंभीर मुद्रा आली की जणू इतके दिवस हे सगळे लोक तिची थट्टा करत होते आणि आता कुठे मुद्द्याचं बोलणं निघालं. दुसरी मूठ तोंडात, तिसरी कानात, चौथी शेडकाकाने गेल्याच महिन्यात रंगवलेल्या भिंतीवर. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले, मग एक किलकिला केला. पोर खात होती. थुंकत होती, पुन्हा उचलत होती आणि खात होती. पाटावरचा ढीग खरोखर खाली जात होता.

हेडबाई त्या ढिगाकडे बघत राहिल्या. त्यांनी गावाकडे पाळणा आणून ठेवला होता, खिडकीला जाळी बसवून घेतली होती, दुपारी दार न वाजण्याची सवय त्यांना अजून लागली नव्हती. आणि आता त्यांच्याच हातचा बटाटा त्यांच्याविरुद्ध निकाल देत होता. हवं असतं तर त्यांना म्हणता आलं असतं की हे मी खाऊ घातलं म्हणून खाल्लं, इथे कुणाला जमणार नाही. जिन्यातल्यांना ते पटलंही असतं. पण अट त्यांनीच घातली होती, साऱ्या इमारतीसमोर, आणि पास झालेल्या पोराला नापास करायची हिंमत त्यांच्यात कधीच नव्हती.

त्यांनी दार उघडलं. मंडळी दाराला टेकून होती, ती सावरली.

"खाते," हेडबाई म्हणाल्या. "पोर पास आहे. इथेच राहील."

मग मागे वळून हळू आवाजात त्यांनी शेडकाकाला सांगितलं की तुम्ही मात्र नापास, आणि सुनेला हे संध्याकाळी तुम्ही सांगायचं, मी नाही.

त्याने सांगितलं. मुलगी कामाचे कपडे न बदलता ऐकत उभी होती. त्याला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, बाबा, मी गेले दोन दिवस लिफ्टच्या खड्ड्यात उभी राहून विचार करत होते की माझ्या पोरीला कुठला आजार झालाय. एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. म्हातारा रात्री जेवला नाही. सकाळी ती कामावर निघाली, दारात थांबली आणि त्याच्या हातातली मलमल काढून आपल्या अवजारांच्या पिशवीत टाकली. म्हणाली, ग्रीस पुसायला होईल. जाता जाता मुकादमाला सांगितलं की मी कुठेही जात नाही. त्याने आढेवेढे घेतले. तेव्हा नेमकी त्याच्या साहेबाच्या इमारतीतली लिफ्ट साहेबासकट अडकली होती, म्हणून फार घेतले नाहीत.

पुढे पोरीने भोपळा खाल्ला, नाशपाती खाल्ली, अंड्याचा बलक खाल्ला आणि वाटाणाही खाल्ला, सगळं गुठळ्यांसकट आणि सगळं कानापर्यंत. पुढच्या वेळी दवाखान्यातल्या वजनकाट्याने उत्तर दिलं आणि नर्सने तपासण्यांचा विषय सोडला. हेडबाई रिकामी बॅग घेऊन परत गेल्या. मोबाइलवालीने बाळाला हाताने खाऊ देण्यावर एक व्हिडिओ काढला, त्यात वाटाण्याचा शोध तिने लावला होता. इस्त्रीवाल्याने मात्र ऑइलपेंट सोडलं नाही. हेडबाईंनी खुद्द चाखून सांगितलं तरी त्याचं म्हणणं असं की मोठ्या घरच्या बायका घरातलं बाहेर सांगत नसतात. त्यामुळे अजूनही कुणी नवीन माणूस राहायला आला की त्याला पहिल्या आठवड्यातच हे कळतं.

खरं एवढंच आहे. रंगाऱ्याने नातीला रंग कधीही दिला नाही. त्याने तिच्या हनुवटीला गाळलेला वाटाणा लावला आणि डब्यात उरलेला स्वतः खाल्ला.